परीचा बिनदुधाचा चहा

मानसिंगच्या घरात परी शिरली ती शुक्रवारी, शाळेच्या बसमधून. दप्तर कोपऱ्यात भिरकावत छकुलीनं, म्हणजे शाळेतल्या श्रेयानं, जाहीर केलं, "पप्पा, रविवारी माझी परी-टी-पार्टी आहे. बारामतीच्या पाच जणी येणारेत. मी सांगून टाकलंय."

सांगून टाकलंय! भवानीनगरच्या कॉलनीत बारसं होतं, जावळ होतं, वाढदिवसाचा केक पोराच्या तोंडाला फासायची रीतसुद्धा आता पडलीय. पण परीला चहाला बोलावलं म्हणजे नक्की काय करायचं, हे कारखान्यात उसाच्या नोंदी लिहून अर्धे केस पिकवलेल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

"वाढदिवस तर तुझा उन्हाळ्यात असतो. मग पार्टी कशाबद्दल?"

"कशाबद्दल नाही. परीची पार्टी कशाबद्दल नसतेच," छकुली म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मानसिंग 'न्हाय' म्हणणारच होता. तोंड उघडलंसुद्धा होतं. तेवढ्यात स्वप्नालीनं त्याला स्वयंपाकघरातून खूण केली आणि हळूच सांगितलं, "अहो, जूनपासून पोरगी बसमध्ये एकटीच मागच्या सीटवर बसते. डबापण एकटीच खाते. 'हितं' म्हणाली म्हणून हसल्या होत्या तिला. आत्ता कुठं पाच जणी येतो म्हणाल्यात. त्या तोंडं वाकडी करून गेल्या ना, तर ही पुन्हा त्या शाळेत पाऊल टाकायची नाही. तसं म्हणालीय ती मला."

आपली पोर, घरभर कलकल करणारी, सहा महिने मागच्या सीटवर गप्प बसते आणि आपल्याला पत्ता नाही! तो म्हणाला, "होऊन जाऊ दे." आणि त्या क्षणापासून जो उभा राहिला तो रविवारपर्यंत बसलाच नाही. तसा मूळचाच तो अस्वस्थ प्राणी. जेवतानासुद्धा दोनदा उठून फाटक लागलंय का बघून येणारा. त्यात आता परी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास!

स्वप्नालीनं मोबाईलवर परीचा आहार शोधून काढला. चंद्रकोरीच्या आकाराची सँडविचं, पंखवाले कपकेक आणि निळा चहा. हो, निळा. गोकर्णीची फुलं उकळली की पाणी निळं होतं आणि लिंबू पिळलं की जांभळं. पोरी बघतच राहतील म्हणे. मानसिंगनं कुंपणावरच्या चार फुलांचा एक कप पिऊन बघितला. चव कशाचीच नव्हती, पण रंग मात्र झकास. "दूध घालून बघायचं का?" त्यानं विचारलं. स्वप्नालीनं त्याच्या हातातून कप काढून घेतला.

गोकर्णीचा वेल होता शेजारच्या आप्पासाहेबांच्या कुंपणावर. आप्पासाहेब कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले. नोकरीभर गाड्यांची वजनं केली, आता माणसांची करतात. फुलं मागायला गेलेल्या मानसिंगला त्यांनी आधी समोर बसवलं. बसवलं म्हणजे प्रयत्न केला.

"फुलं न्या की, फुलाला कोण न्हाय म्हणतंय. पण मानसिंगराव, फकस्त पाच पोरी? आवो, भिताडाला भिताड लागून घरं हायती. कॉलनीतली बारकी पोरं कुंपणावरून बघत बसणार आन् तुमी बारामतीला केक चारणार? पचंल का ते?"

हे खरंच होतं. पाचाची पंचवीस झाली.

"आन् दुसरं. बिनदुधाचा च्या कुणाला देऊ नगा. कोरा च्या आपल्यात कवा देत्यात, म्हायती हाय न्हवं? मयताला. माती देऊन आल्यावर. जित्या पाव्हण्याला असला च्या दिला तर त्यो उंबऱ्यातनं माघारी फिरंल."

"आप्पा, परीला चालतो."

"परीचं मला काय म्हायती न्हाय. मी आपली रीत सांगितली."

सल्ला ऐकायचा आणि विसरायचा, हे शेजारधर्माचं पहिलं कलम. मानसिंगनं ते तंतोतंत पाळलं आणि पुढं तेच नडलं.

इथं त्याच्या आईचं सांगायला हवं. आक्काबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बारामतीला झालं होतं आणि डोळ्याला पट्टी लावून त्या आठवडाभर लेकाकडं कॉलनीत राहिल्या होत्या. सगळी कॉलनी बघून गेली होती. पण गावाकडं, शेळगावच्या रानात ऊसतोडीची टोळी येणार कळलं, आणि शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं म्हातारी निघून गेली. "टोळीच्या मागं कुनी उभं न्हाय ऱ्हायलं तर खालनं बूड ठेवून तोडत्यात," असं म्हणाली. छकुलीनं फोनवर पार्टीचं आवतण दिलं तर म्हणाली, "आगं, परीच्या जेवणाला म्हातारी कशाला?" म्हातारी गेली हे घराला ठाऊक. कॉलनीला नाही.

शनिवारी सकाळी मानसिंग बारामतीहून कपकेक घेऊन निघाला. खोका मोटरसायकलच्या टाकीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये. हंगाम जोरात, पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, त्याच्या पुढं आणखी एक तसलाच. ओव्हरटेक करावं तर समोरून रिकामी ट्रॉली. मागं राहावं तर केकला ऊन. ह्या चुळबुळीत गतिरोधक कुठं आला ते त्याला दिसलंच नाही. घरी खोका उघडला तेव्हा कपकेक होते, पण वेगवेगळे नव्हते. एका घट्ट पांढऱ्या गोळ्यातून इकडून तिकडून पंख वर आले होते.

"पऱ्यांची चेंगराचेंगरी झालीय," स्वप्नाली म्हणाली. ती हसतेय की रडतेय, हे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

दुपारी गॅस संपला. नंबर लावलेला होता, पण गाडी सोमवारी येणार. मग शेजारून आप्पासाहेबांचा आवाज आला. त्यांची शेळी दावं तोडून सुटली होती आणि गोकर्णीचा वेल बुडापासून शेंड्यापर्यंत खाऊन आता शांतपणे रवंथ करत होती. परीचा सगळा चहा तिच्या पोटात. आप्पासाहेबांना मनापासून वाईट वाटलं. ते म्हणाले, "सांजच्याला धार काढतो. फुलं तिच्याच पोटात हायती, दूध निळं येतंय का बघू."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं तर लग्नसुद्धा नव्हतं. स्वप्नालीनं पुन्हा मोबाईल काढला आणि मध्यम मार्ग शोधला. कोरा चहा, गार करायचा, त्यात लिंबू आणि पुदिना. लेमन टी. रंग सोनेरी. सोनपरीचा म्हणून सांगता येईल. पण घरात गॅस नाही, तेव्हा एवढा चहा बाहेरूनच आणायला हवा.

मानसिंग चौकात शंभूराजच्या चहाच्या गाड्यावर गेला. आता त्याचा अवतार ध्यानात घ्या. शनिवार म्हणून दाढी नाही. शुक्रवारी गडबडीत राहिलेली. डोळे जागरणानं लाल, केसात पिठाचा पांढरा फराटा. ऑफिसचे फोन नकोत म्हणून मोबाईल मुका करून ठेवलेला. गाड्यापाशी उभं राहताना एक पाय इकडं, एक तिकडं.

"शंभू, उद्या चारला मोठ्या दोन किटल्या च्या घरी पाठव. कोरा. दुधाचा थेंब नगो."

शंभूराजचा पळीचा हात थांबला. त्यानं मानसिंगच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि गाड्याचा स्टोव्ह हळूच बारीक केला. माणूस तसा फाटक्या तोंडाचा, पण आज एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आणि काय लागलं सवरलं तर?"

"सतरंज्या लागतील. खालीच बसायचं ठरलंय. आन् वर कापड. गुलाबी मिळालं तर बरं, न्हायतर पांढरं."

"पांढरंच घालू या दादा. मंडपवाला माझा मेव्हणाच हाय. तुमी कायबी बघू नका." मग पैशाला हात लावू न देता त्यानं मानसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून घ्या जरा. पोटाला आधार लागतो."

मानसिंगला भरून आलं. पोरीच्या पार्टीसाठी एक चहावाला इतका जीव लावतो! माणुसकी मेली म्हणतात ते खोटं, असं त्यानं घरी जाऊन स्वप्नालीला दोनदा सांगितलं.

शंभूराजनं विचारलं का नाही, असं पुढं सगळ्यांनी त्याला धारेवर धरून विचारलं. पण कसं विचारणार? 'कोण गेलं हो?' असं का कुणी तोंडावर विचारतं? अशा वेळी न विचारणं हीच रीत. आणि विचारायचं कारणही नव्हतं. पट्टी बांधलेली म्हातारी त्यानं डोळ्यानं बघितली होती. शनिवारी सांजेपर्यंत कॉलनीत कळलं, रात्रीत कॉलनीच्या ग्रुपवर आक्काबाईंचा फोटो दिव्यासकट झळकला, आणि सकाळी तो मानसिंगच्या आत्याच्या गावी, डाळजपर्यंत पोचला. मानसिंगला फोन केला तर उचलत नाही, शेळगावला केला तर सगळे रानात. मग आणखी काय पुरावा पाहिजे? "रातोरात गावाकडं नेलं असंल," असं लोकांनी ठरवून टाकलं. शेळीनं फुलं खाल्ल्यावर आता पार्टी कुठली, म्हणून आप्पासाहेबांनीही मान डोलावली.

रविवार उजाडला. स्वप्नालीनं बिटाची चटणी लावून पावाचे काप केले आणि करंजीच्या कातण्यानं त्यांच्या चंद्रकोरी कापल्या. केकच्या गोळ्याला तिनं 'परीचा डोंगर' असं नाव दिलं. मानसिंगनं बांधावरून उसाचा तुरा आणला, पांढरा, मऊ, झुबकेदार. त्याला चांदणी चिकटवली की झाली जादूची छडी. छकुली पंख लावून, छडी घेऊन दुपारपासूनच पायरीवर उभी होती. मानसिंग दर दोन मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होता.

"येतील ना पप्पा?"

"येणार की. न येऊन सांगतील कुणाला?" तो म्हणाला आणि पुन्हा फाटकाकडं निघाला.

त्या आल्या. दोन गाड्यांतून पाच पऱ्या आणि तीन आया उतरल्या. त्यातली ईश्वरी पुढारी दिसत होती. पंख तिचेच सगळ्यात मोठे. तिनं पांढरं कापड बघितलं, सतरंज्या बघितल्या, डोंगर बघितला आणि विचारलं, "फेअरी टी कुठंय?" छकुलीनं बापाकडं बघितलं. बापानं फाटकाकडं.

आणि फाटकातून शंभूराज आलाच. दोन्ही हातात किटल्या, डोक्यावर टोपी, मान खाली. त्याच्या मागं कॉलनीतले बापये, तेही माना खाली घालून. त्यांच्या मागं बायका, डोईवर पदर, हातात फडक्यानं झाकलेल्या पाट्या, मागोमाग पोरं. येऊन सगळे सतरंजीवर ओळीनं बसले आणि जमिनीकडं बघू लागले.

मानसिंगला वाटलं, आपण पोरांना बोलावलं तर आईबापसुद्धा आले. पार्टीला काय शोभा आली! तो हात जोडून इकडून तिकडं फिरू लागला. "बसा, बसा. आलात, बरं वाटलं."

"धीर धरा, मानसिंगराव," एक जण म्हणाला.

"धीर धरूनच चाललंय. तीन दिवस झालं, पाठ टेकली न्हाय."

"सगळं नीट उरकलं न्हवं?"

"अजून कुठलं उरकतंय! आत्ता तर सुरुवात. फुगं फुगवायचं ऱ्हायल्यात."

त्या माणसानं शेजाऱ्याकडं बघितलं. दुःखानं डोकं फिरल्याचं प्रकरण दोघांनाही नवीन नव्हतं. त्यांनी मानसिंगला हाताला धरून खाली बसवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तो बसला.

तेवढ्यात रस्त्यावरून हंबरडा ऐकू आला. "आक्केऽऽ गं माझे बायेऽऽ! मला न सांगता कशी गेलीस गंऽऽ!" मानसिंगची सारजाआत्या, थेट डाळजवरून. ती आली ती सरळ छकुलीच्या गळ्यात पडली, पंखासकट. "लेकरा, तुजी आज्जी गेली रंऽऽ!"

छकुलीनं एक क्षण तिच्याकडं बघितलं आणि जो टाहो फोडला! ती रडली म्हणून कॉलनीतली पोरं रडली, पोरं रडली म्हणून पाची पऱ्या रडल्या. बारामतीच्या आया उठून उभ्या राहिल्या. एकीनं गाडीची किल्ली हातात घेतली.

आणि मानसिंग? आत्या डाळजवरून आलीय म्हणजे खोटं कसं असेल? सगळी कॉलनी पांढऱ्या कापडाखाली बसलीय. सगळ्यांना कळलं आणि मला नाही! मोबाईल मुका करून मी केक आणत फिरलो. शुक्रवारी पहाटे ती निघाली तेव्हा अंथरुणातूनच 'नीट जा' म्हणालो. त्यानं दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. स्वप्नाली स्वयंपाकघराच्या दारात लिंबू हातात धरून तशीच उभी राहिली.

ह्या गलक्यात फाटकाशी रिक्षा थांबली हे कुणी बघितलं नाही. तिच्यातून एक म्हातारी उतरली. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा, उन्हासाठी कपाळापर्यंत ओढलेला पदर, काखेत लाडवांचा डबा. आक्काबाईच ती. नातीचं आवतण मोडवेना, म्हणून टोळीवर थोरल्या लेकाला उभं करून आली होती. बघते तर लेकाच्या दारात रडारड. जुनं माणूस, रीत जाणणारं. रडत्या घरात शिरून आधी प्रश्न विचारायचे नसतात. तिनं डबा खाली ठेवला, पदर तोंडावर घेतला आणि सारजाआत्याला लागून बसून तिनंही गळा काढला.

थोडा वेळ दोघी मनापासून रडल्या. मग आक्काबाई कोपरानं ढोसून हळूच म्हणाली, "सारजे, आगं गेलं कोण?"

"आक्का गेली गंऽऽ!"

"कुठली आक्का?"

"आपली आक्का! मानसिंगची आई!"

"आगं बया!" आक्काबाई कळवळली. "आन् मला कुनी कळवलंबी न्हाय!"

मग ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळायला जरा वेळ लागला. पदर हळूहळू खाली आला. सारजाआत्यानं वळून बघितलं, तिचा गळा तसाच उघडा राहिला आणि ती बसल्या बसल्या मागं सरकत सरकत डोंगरावर जाऊन पडली. केकच्या.

सगळ्यात आधी छकुली धावली. डोळे पुसायचंही भान नव्हतं तिला. हातातला उसाचा तुरा तिनं आज्जीच्या डोक्याला लावला, खरी आहे का बघायला, आणि किंचाळली, "आज्जी जिवंत हाय! हितं हाय आज्जी!"

हाय. हितं. सगळ्यांसमोर. पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. ईश्वरी तोंड उघडं ठेवून बघत होती. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आजी मेलेली होती, सगळे रडत होते, श्रेयानं छडी लावली आणि आजी चष्म्यासकट उठून बसली. तिनं आपली बाजारातली प्लास्टिकची छडी बघितली आणि हळूच पाठीमागं लपवली.

"श्रेया," ती दबकत म्हणाली, "तू खरीखुरी परी आहेस?"

मानसिंग मात्र आईच्या पायाशी बसला होता. तो नुसता तिचा हात धरून होता. "आरं सोड की, बांगडी रुततीया," ती म्हणाली. तरी त्यानं सोडला नाही.

मग शंभूराजची सालटी निघाली, ग्रुपवरचा दिवा विझवायला लोकांची धावपळ झाली. आप्पासाहेब उभं राहून म्हणाले, "मी आदीच सांगितलं हुतं, बिनदुधाचा च्या देऊ नगा! पर बरं झालं. मेल्याची आवई उठली की माणसाचं आयुष्य वाढतंय. आक्का, आता तुमी शंभर गाठता."

घरात आणलेलं अन्न माघारी न्यायचं नसतं. पाट्या उघडल्या. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. सुतकाच्या भाकरीला त्या दिवशी जो स्वाद होता तो पंक्तीलाही मिळायचा नाही. पऱ्यांनी चंद्रकोरी कॉलनीला देऊन टाकल्या आणि पंख सावरत पिठलं-भाकरी ओरपली. बारामतीच्या एका आईनं पिठल्याची कृती लिहून घेतली. कोरा चहा तेवढा कुणी पिईना, तो शेवटी शेळीला दाखवला. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. फुलं आवडली होती, पण कोरा चहा म्हटल्यावर तिलाही रीत कळत होती.

सोमवारी सकाळी बस आली तेव्हा मानसिंग रस्त्यावर उभा. एक पाय इकडं, एक तिकडं. छकुली वर चढली. खिडकीतून काही दिसेना. मग आतून हाक ऐकू आली, "श्रेया, इकडे! इकडे बस!" आणि लगेच दुसरी, "नाही, माझ्याजवळ!" बस निघून गेली तरी मानसिंग तिथंच उभा होता. ऑफिसला उशीर झाला, पण त्या दिवशी तो खुर्चीत नीट बसून होता.

संध्याकाळी छकुली धापा टाकत घरात आली. आक्काबाई ओट्यावर बसून डोळ्यांत थेंब टाकून घेत होत्या.

"आज्जी, आज्जी! ईश्वरी विचारत होती, तू परत कधी मरणार? आता सगळा वर्ग येतो म्हणतोय!"

मानसिंगच्या हातातली थेंबाची बाटली पडता पडता राहिली. आक्काबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"आदी रानातला ऊस तुटून जाऊ दे म्हणावं," त्या म्हणाल्या. "मग मरते सवडीनं."